एकोणिसावा पेपर

पारूबाईंनी बाक धरला, करकर ओढत फिरवला आणि फळ्याकडं पाठ करून बसल्या.

"मावशी, हे काय?" प्रसेनजीत सरांनी विचारलं.

"फळा डोळ्यांत येतोय. कितीबी न्हाय म्हटलं तरी नजर जातीया."

नजर जावी म्हणूनच तर तो लिहिला होता. रविवार होता, मंगळवार पेठेतल्या शाळेत साक्षरता वर्गाच्या बायकांची परीक्षा होती. दहा ते पाच, सवडीनं या आणि बसा. नावं एकोणीस, हजर एकोणीस, आणि 'उत्तीर्ण' या रकान्यातही सरांनी आधीच एकोणीस लिहून ठेवले होते. पेन्सिलीनं, कारण माणूस तसा प्रामाणिक. पाच महिने रोज संध्याकाळी त्यांनी या बायकांना मनापासून शिकवलं होतं. पण शिकवणं वेगळं आणि निकाल वेगळा. म्हणून बाराच्या सुमाराला त्यांनी सगळी उत्तरं फळ्यावर लिहिली, वर 'नमुना' असं शीर्षक दिलं आणि खिडकीतून रस्त्याकडं बघत उभे राहिले.

अठरा माना फळ्यावरनं पेपरावर आणि पेपरावरनं फळ्यावर चालल्या होत्या. एकोणिसावी भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"मावशी, बघून लिहा. पास व्हाल."

"पास व्हायला आलेच न्हाय मी."

"मग कशाला आलाय?"

"मला येतंय का न्हाय ते बगायला. तुमचं बगून लिवलं तर तुमाला येतंय एवढंच कळंल. ते म्हाईत हाय की."

"लई शानी झालीस गं पारू," बायडाबाई पुढच्या बाकावरून म्हणाल्या. "नापास झालीस म्हंजे बस परत पाच म्हैने."

"बसंन की." पारूबाई मंडईत पालेभाजी विकायच्या, त्यांच्या तोंडाला कुणी पुरं पडायचं नाही. "कोथमिरीची जुडी घेताना बाई चार डाव उलटीपालटी करून बगती. म्या मला एकदा बगू नगं?"

अडचणीत आला की मास्तर वर्गात फेरी मारतो. सरांनी फेरी मारली आणि मलिकाबींच्या बाकाशी थबकले. सातवा प्रश्न होता : 'तुमच्या घरातील दोघांची नावे लिहा.' मलिकाबींनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, निशा आणि श्रुती.

निशा सरांची बायको. श्रुती मुलगी.

"भाभी, तुमच्या घरी निशा कोण?"

मलिकाबींनी पेन फळ्याकडं रोखलं. "तुमीच लिवलंय की सर."

"अहो, तो नमुना. तुमच्या इरमचं नाव येतं की तुम्हाला. वहीचं आख्खं पान भरलं होतं त्या नावानं."

"येतंय. पर परीक्षेत चुकाय नगं म्हणून…"

सरांनी पुढचा पेपर बघितला. त्याच्या पुढचा बघितला. अठरा घरांत त्यांचीच बायको आणि त्यांचीच लेक नांदत होती.

"सर," बायडाबाई म्हणाल्या, "तेवढं निशाला सकाळी धाडून द्या. धुणं पडलंय."

वर्ग हसून लोळला. सरांचे कान लाल झाले. डस्टर घेऊन त्यांनी सातव्या प्रश्नाची ओळ पुसली. "एवढी ओळ आपापली लिहा."

"एकच वळ व्हय?" भिंतीकडं बघत पारूबाईंनी विचारलं.

सर पुन्हा फळ्याकडं वळले. मग त्यांनी सगळा फळा पुसला. एव्हाना बहुतेकींचं उतरवून झालं होतं, तेव्हा फार तोटा कुणाचाच नव्हता. हेही त्यांनी पुसता पुसता मनात मोजून घेतलं. बायकांनी कुरकुरत निशा-श्रुतीवर काट मारली, आणि इरम, बाबासो, पृथ्वीराज अशी जिची तिची माणसं आपापल्या घरी परतली. एकीचंही नाव चुकलं नाही.

पावणेपाचला अठरा पेपर टेबलावर होते. बायका चपला घालून दारात उभ्या होत्या, पण कुणी जात नव्हतं. आत पारूबाई शेवटच्या प्रश्नावर होत्या. 'तुम्ही शिकून काय करणार? दोन वाक्ये लिहा.' एक वाक्य झालं होतं. दुसरं मधेच अडलं होतं, आणि पेन हवेत होतं.

सरांनी मागं उभं राहून त्यांचे गुण जोडले. पुन्हा जोडले. तीन कमी पडत होते. हे वाक्य झालं तर पास, नाही तर नाही. सगळं त्यांचं स्वतःचं होतं. एक वजाबाकी तेवढी चुकलेली, तीही त्यांची स्वतःची. सरांच्यानं राहवेना. ते वाकले.

"मावशी, पुढचं अक्षर…"

पारूबाईंनी पेपरावर पदर ओढला.

"सर, तिकडं तोंड करा."

बारा वर्षांच्या नोकरीत हेच वाक्य त्यांनी किती पोरांना ऐकवलं असेल. ते वळले. हात मागं बांधून, पुसलेल्या फळ्याकडं तोंड करून उभे राहिले. मागं पेन कागदावर टेकलं. थांबलं. पुन्हा टेकलं.

बायडाबाईंना दारात दम धरवेना. त्यांनी मान आत घातली आणि कुजबुजल्या, "पारू, अगं त्येला काना दे…"

"बायडाबाई," सर फळ्याकडं बघतच म्हणाले, "पेपर चालू आहे."