वैदेहीला कोळंबी चालत नाही

रत्नागिरीच्या कचेरीतून घरी आले, की प्रमोदराव फोनवर कथा लिहायला बसत. घरात दोन शब्द बोलायचं म्हटलं तरी त्यांच्या जिवावर येई. पण वैदेही नावाच्या आपल्या नायिकेचं दुःख रंगवताना मात्र स्वारी पार विरघळून जाई. या वैदेहीला म्हणे कोळंबी खाल्ली की अंगभर पित्त उठतं, तरी नवऱ्याला आवडते म्हणून ती बिचारी मुकाट्याने सोलते, रांधते आणि वाढते. व्हॉट्सॲपच्या कथा-ग्रुपवर बायाबापड्यांनी रडून नुसता धुमाकूळ घातला. "बाईचं मन ओळखावं तर तुम्हीच!" ही वाहवा प्रमोदरावांनी कथेसकट बायकोला, करुणाला, दोनदा मोठ्याने वाचून दाखवली.

लग्न झाल्यापासून त्यांच्या ताटात कोळंबी वाढून स्वतः डाळ-भात खाणाऱ्या करुणाचा भांडी घासता घासता हात थबकला. एरवी या लिखाणाला ती नाक मुरडायची. पण म्हणजे या माणसाचं आपल्याकडे लक्ष होतं तर!

रविवारी प्रमोदराव बंदरावरून पिशवी भरून कोळंबी घेऊन आले. "झणझणीत कालवण कर गो. आणि आज तूही खा, कायम काय तो डाळ-भात ओरपतेस!"

"अहो, मला पित्त उठतं ना," करुणा हसून म्हणाली.

प्रमोदरावांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

 

"कथा वाचावी गो, पण म्हणून लगेच वैदेहीची नक्कल करू नये."