भावजींची सही

निबंधक बाईंनी अकरा वर्षांपूर्वी अंगठा टेकवून केलेल्या दोन्ही डिजिटल सह्या भीती ओळखणाऱ्या यंत्राला वाचायला दिल्या. नव्या कायद्याप्रमाणे दोघांपैकी एकानेही घाबरत सही केली असेल, तर करार रद्द होणार होता.

आधी उर्मिला खोतची सही उघडली. नाडी शांत, भीती शून्य.

"बघा!" श्रीरंग म्हणाला. "वहिनींनी राजीखुशीनं कारखाना माझ्या नावावर केला."

नवऱ्याच्या त्याच कारखान्यात अकरा वर्षं पंपांचं पॅकिंग करणारी उर्मिला हसली. "ह्यांच्या तेराव्याला टॅब पुढे करून 'बँकेचा फॉर्म आहे' म्हणालात. ह्यांच्या पार्टनरला मी कशाला घाबरू? आता तुमची सही बघू, भावजी."

पडदा लालभडक झाला. नाडी एकशे चाळीस, अंगठ्याला घाम.

"एक मार्ग आहे," बाई म्हणाल्या. "आज कचेरी बंद होईपर्यंत न घाबरता पुन्हा सही केलीत, तर करार कायम राहील."

श्रीरंगने अंगठा टेकवला. लाल. पाणी पिऊन पुन्हा टेकवला. लालच.

"आधी वहिनींना बाहेर पाठवा!"

"सही दोघांच्या समोरच व्हावी लागते."

उर्मिलेने आपली खुर्ची उचलली आणि अगदी त्याच्या समोर आणून ठेवली. पिशवीतून पॅकिंग खात्यात रोज न्यायचा स्टीलचा डबा काढला आणि त्याच्या डोळ्यांत बघत झाकण उघडलं.

"करा सावकाश, भावजी. मी जेवण घेऊनच आलेय."