बोलीकोश

कालच दुसरी हार्ड डिस्क बसवली आणि आज संगणक सुरूच होईना. जुन्या डिस्कवर सामंत सरांचा वीस वर्षांचा बोलीकोश होता. पक्षाघाताने सरांची वाचा जाऊन चार महिने झाले होते.

“जुनी डिस्क पुसून सगळं नव्याने टाकावं लागेल,” दुरुस्तीला आलेले इनामदार म्हणाले. “पुसू?”

सरांच्या पत्नी शरयूताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. खुर्चीत बसलेल्या सरांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या.

“न... नवी!” शब्द कसाबसा फुटला. “काढा!”

इनामदारांनी नव्या डिस्कची वायर उपसून बटण दाबलं. पडदा उजळला. “कोऱ्या डिस्कवरून सुरू व्हायला बघत होता बेटा! कोश शाबूत आहे, ताई.”

शरयूताईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. सरांचा हात घट्ट धरून त्या म्हणाल्या, “अहो, पुन्हा बोला ना!”