घर दाखवायला

“हेच का घर?” बेलिफने विचारलं.

गिरिजाबाईंनी मान हलवली.

“मानेनं नाही चालत, ताई. तोंडानं सांगा. मला लिहावं लागतं.”

“हेच,” त्या म्हणाल्या.

गोडदेव गावातल्या त्या गल्लीत हे एकच बैठं घर उरलं होतं. तिन्ही बाजूंनी सात-सात मजले उठलेले आणि मधे हे, कौलं जाऊन पत्रे आलेलं. गिरिजाबाई इथंच जन्मल्या होत्या. लग्न होऊन मीरा रोडला गेल्या. पुढे नवरा गेला, लेक नीलम नोकरीपायी बंगळूरला गेली, आणि दोन खोल्यांत त्या एकट्या राहिल्या. माहेर रिक्षाने वीस मिनिटांवर. तरी सहा वर्षांत हा उंबरा त्यांनी पाहिला नव्हता. आज आल्या त्याही कोर्टाच्या माणसाला घर दाखवायला.

दावा त्यांनीच लावला होता, भावावर. आई वारली तेव्हा परशुरामने तलाठ्याकडे लिहून दिलं, की आईला वारस मी एकटाच. मिठागराकडच्या शेताच्या उताऱ्यावर त्याचं एकट्याचं नाव चढलं. गिरिजाबाईंना ते कळलं वर्षश्राद्ध उरकल्यावर. शेताची त्यांना फारशी ओढ नव्हती. पण आईच्या पोटी आपण जन्मलोच नाही असा सरकारी कागद झाला, तो घास काही गिळवेना. बोलणं तुटलं ते तेव्हापासून. भाऊ धडधाकट असून सहा भाऊबिजा त्यांनी बाल्कनीत उभं राहून चंद्राला ओवाळलं होतं.

समन्स टपालाने दोनदा गेलं आणि दोनदा परत आलं. पाकिटावर शेरा, ‘घेण्यास नकार’. त्यांची वकील मृणालिनी म्हणाली, “काकू, नकार आला तरी कायद्याने पोचलंच धरतात. पण कोर्टाने एकदा बेलिफच्या हातून बजवायला सांगितलंय. तुम्ही सोबत जा, घर दाखवा. आणि तिथं भांडू नका हं.”

भांडायला तोंड कुठून आणायचं? परशुराम दारात येऊन उभा राहिला. केस पार पांढरे झाले होते. गळ्याची हाडं वर आली होती. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर बेलिफकडे वळवली.

“कागद ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. मी हात लावनार न्हाय.”

असं म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. गावातला समजच तसा. कोर्टाच्या कागदाला हात लागला की केस अंगाला चिकटली.

बेलिफला अशी दारं रोजची होती. “नका घेऊ, दादा. दाराला लावतो. लावला म्हणजे मिळालाच. मुदतीत जबाब दिला नाहीत तर केस तुमच्यामागे एकतर्फी चालेल.”

“लावा. जागा कमी पडली तर भिंत पन हाय.”

बेलिफने समोरच्या टपरीवरचा पानवाला आणि शेजारच्या बिल्डिंगचा वॉचमन असे दोन पंच बोलावले. पानवाला सुपारी कातरायचा अडकित्ता हातात घेऊनच आला. “साब, कोर्ट में तो नहीं बुलाएंगे ना?”

“सही झाली की जा, गिऱ्हाईक थांबलंय तुझं.”

डिंकाची बाटली उघडली तर डिंक सुकून खडा झालेला. बेलिफ इकडे-तिकडे बघू लागला. तेव्हा परशुरामची बायको सुगंधा आत गेली आणि बशीत मूठभर भात घेऊन आली.

“कालचा हाय,” ती म्हणाली. “मऊ हाय. धरंल चांगला.”

बेलिफने शितं चुरडून कागदाच्या चार कोपऱ्यांना लावली. गिरिजाबाई बघत राहिल्या. श्रावणात आई जिवतीचा कागद असाच भातानं भिंतीला लावायची आणि मग मुलांना पाटावर बसवून ओवाळायची.

कागद बसला. बेलिफने गुडघ्यावर फाईल टेकवून अहवाल लिहायला घेतला.

“घर दाखवणाऱ्याचं नाव, गिरिजा. बरं. प्रतिवादीला कशावरून ओळखता, ताई?”

शब्द ओठांवर होता. पण तो उच्चारला, आणि ह्याने चारचौघांत ‘न्हाय’ म्हटलं तर? पाकिटावरचा नकार सोसला होता. तोंडावरचा सोसवला नसता.

“लहानपणापासून ओळखते,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे शेजारी?”

गिरिजाबाई दारावरच्या कागदाकडे बघू लागल्या. बेलिफ ‘शेजारी’ असं लिहायला लागला.

“शेजारी न्हाय.” परशुराम बोलला. हात अजून पाठीमागेच होते. “खोडा ते. सख्खी भैन हाय माझी.”

बेलिफचं पेन थांबलं. दाव्याची प्रत त्याच्याच फाईलीत होती, आणि ती त्याने वाचलेली होती.

“दादा, विचार करून बोला,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “हे मी लिहिलं, पंचांनी सह्या केल्या, की कोर्टात जातं. मग तलाठ्याकडे तुम्ही लिहून दिलेलं टिकायचं नाही.”

“अवो,” सुगंधा मागून म्हणाली.

परशुरामने मागे पाहिलं नाही.

“लिव्हा,” तो म्हणाला. “आनि तिला मोठ्यानं वाचून दावा.”