समोरची जागा

“मागं बसू जी. लोकं हासतात,” रुख्मा म्हणाली.

“हासू दे,” म्हणत चैतरामने चटई थेट स्टेजच्या पुढ्यात अंथरली. इतकी जवळ, की ऑर्गनवाल्याने मान वळवून पाहिलं. मग चैतरामने बायकोचा हात धरून तिला खाली बसवलं. मागून कोणीतरी बोललंच, “काका, या वयात लाइन मारून राहिले का?” चार टाळकी फिदीफिदी हसली. एरवी चैतरामने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज तो चटईची सुरकुती सरळ करत राहिला.

हे तिसरं नाटक. शुक्रवारी बहिणीच्या, देवकाबाईच्या गावचं झालं. शनिवारी गोरेगावकडचं. आज रविवारी नागऱ्याच्या अलीकडचं. डिसेंबरची थंडी, मोटारसायकल, मागे शाल गुंडाळून बसलेली रुख्मा. या दोघांना असं दारात उतरताना पाहून देवकाबाई म्हणाली होती, “वहिनीले घेऊन नाटक पाहाले? सूर्य कोठून उगवला गा भाऊ आज?”

तिचं चुकलं नव्हतं. दिवाळीनंतर गावोगावची मंडई, म्हणजे जत्रा, सुरू झाली की चैतरामचा पाय घरात ठरत नसे. या गावचं नाटक, त्या गावचं नाटक, पण सोबत मित्र, बायको कधीच नाही. आणि स्वतःच्या गावचं नाटक असलं की घर पाहुण्यांनी तुडुंब. मग रुख्मा चुलीपुढे. वडे तळ, भात उतरव, रस्सा वाढ. ज्या घरी पाहुणे आले त्या घरची बाई नाटकाला गेली, असं झाडीपट्टीत कोणी ऐकलंय का? भोंग्याचा आवाज मात्र स्वयंपाकघरापर्यंत येई. रुख्माने उभी उमर नाटकं ऐकली, पाहिलं एकही नाही. सकाळी पुरुषमंडळी पडद्यांचं आणि पोशाखांचं कौतुक करत बसायची आणि ही त्यांना चहा द्यायची. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. चैतरामलाही नाही.

मग भातकापणीच्या तोंडावर गोंदियाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने रुख्माला बाहेर बसवलं आणि चैतरामला सांगितलं, “काका, काचबिंदू है. नस सूख गयी है. अब ऑपरेशन से कुछ नहीं होगा. जो दिखाना है, जल्दी दिखा दो.”

बस स्टँडवर चैतराम वेळापत्रकाच्या पाटीकडे तोंड करून रडला. तिला काय दाखवायचं? काशी आठवली, समुद्र आठवला. पण सगळ्यांत जास्त टोचलं ते नाटक. आपण एवढी पाहिली आणि हिला एक दाखवलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. तिथेच त्याने ठरवलं, या मोसमात हिला नाटकं दाखवायची, तीही समोर बसवून.

पण धान शेतात उभं होतं. एकदा धान उभं असलं की शेतकऱ्याला दुसरं काही सुचत नाही, मग घरात काहीही होवो. कापणी झाली. भारे बांधून झाले. एवढी चुरणी होऊ दे, धान मळून घरात येऊ दे, मग जाऊ, असं तो मनाशी म्हणत राहिला. डॉक्टरचं बोलणं त्याने रुख्माला सांगितलं नाही. तिला काही माहीत नाही, असं तो धरून चालला. नवऱ्यांना असं वाटतंच.

चुरणी आटोपली आणि ते निघाले. शुक्रवारी चैतराम तिला बोटाने एकेक दाखवत होता. “ती पाहा सासू. नाकात नथ पाहिली का केवढी? आन तो कोपऱ्यात उभा हाय ना, तोच खरा बदमाश.” लग्न झाल्यापासून तो तिच्याशी एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. रुख्मा त्याच्या खांद्याला टेकून ऐकत होती. शनिवारी विनोदी नट आला तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. चैतरामचा जीव भांड्यात पडला.

“दिसते ना बरोबर?” त्याने विचारलं.

“दिसते जी. तुमी सांगत राहा.”

देर आये, दुरुस्त आये, असं तो मनाशी म्हणाला. त्या दिवशी त्याला शांत झोप लागली.

आजचं नाटक रंगलं होतं. घर सोडून निघालेल्या मुलाला म्हातारा बाप अडवत होता. बायका डोळे पुसत होत्या. तेवढ्यात लाइट गेली. स्टेजवरचे, मांडवातले सगळे दिवे एकदम विझले. स्वतःचा हात स्वतःला दिसेना. माइक बॅटरीवर होता, आणि झाडीपट्टीचा नट लाइटीसाठी थांबत नाही. अंधारातच बाप मुलाला विनवत राहिला. पण लोकांचा धीर सुटला. शिट्ट्या सुरू झाल्या. कोणी पत्रा बडवला. मागची पोरं बोंबलायला लागली.

रुख्मा घाबरली असेल म्हणून चैतरामने चाचपडत तिचा हात धरला. हात अगदी निवांत होता.

“एवढा चांगला सीन चालून राहिला,” रुख्मा म्हणाली. “मंग लोकं काऊन कल्ला करून राहिले जी?”

चैतरामला वाटलं, धानाच्या त्या ढिगाला आग लावावी. त्याने तिचा हात घट्ट दाबला. समोर मिट्ट काळोख होता. तो तिच्या कानाशी वाकला.

“काही नाही,” तो म्हणाला. “हिरोईन आली. पिवळं लुगडं नेसली हाय.”