नाटकातली सासू

लग्नानंतर पुन्हा कॉलेजात नाव घातलेली सून परीक्षेसाठी नेमलेलं कौटुंबिक नाटक वाचत होती. पहिल्या अंकातली सासू उठता-बसता सुनेला टोमणे मारत होती. हे आमच्याच घरी बसून लिहिलंय की काय, असं वाटून ती गालातल्या गालात हसली. घरात दोघींचं बोलणं कामापुरतंच असायचं.

"एवढं काय आहे त्यात?" समोर मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनी विचारलं. "मोठ्यानं वाच की."

सुनेने जरा धास्तावूनच वाचायला घेतलं. दुसऱ्या अंकात सासूबाईंचे हात थांबले. "किती छळावं एखादीला? मी असते तर केव्हाच माहेर गाठलं असतं."

तिसऱ्या अंकात घर सोडून सगळे निघून गेले आणि नाटकातली सासू एकटीच भिंतीशी बोलत बसली. सुनेने ते पान पुन्हा एकदा वाचलं.

"बरी अद्दल घडली," सासूबाई म्हणाल्या.

"असं काय म्हणता, आई? एकटीनं संसार ओढला तिनं. ते कुणी बघितलंच नाही."

"म्हणून सुनेला रडवायचं? त्या पोरीचं काय चुकलं होतं?"

दोघींचेही आवाज चांगलेच चढले. तेवढ्यात नवरा कामावरून आला आणि दारातच थबकला. त्याचा चेहरा पार उतरला. "आई, जाऊ दे ना. आणि तूही जरा गप्प बस गं."

दोघींनी एकदमच वळून त्याच्याकडे पाहिलं.

"तू मध्ये पडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "आमचं दोघींचं चाललंय."