आईच्या आवाजाचं अस्वल

थीम पार्कच्या हॉटेलात सकाळच्या बुफेला टेबलाशी आलेलं यांत्रिक अस्वल श्रीरंगच्या मेलेल्या बायकोच्या आवाजात बोलत होतं. बुकिंग करताना श्रीरंगनंच तिचं रेकॉर्डिंग दिलं होतं, सहा वर्षांच्या मुलीसाठी, रेवासाठी.

"हा घास चिऊचा," म्हणत अस्वलानं रेवाला भरवलं. ती वर्षभरानं हसली. मग त्यानं पुरीचा तुकडा श्रीरंगच्या तोंडाशी आणला.

"अहो, हा तुमचा. लाजता काय?"

बायको अगदी असंच म्हणायची. श्रीरंगनं भाजीचा डाव उचलून अस्वलाच्या तोंडावर घातला. जबडा तुटला, डोळा ताटात पडला.

"अहो, नका ना मारू. लागतंय."

आवाज बंद पडेपर्यंत तो मारत राहिला. रेवा टेबलाखाली शिरली होती.

"ये बाळा. यंत्र होतं ते."

"बाबा, मागच्या वेळी पण आईला तूच मारलंस?"